गरम झाली की बंद पडते: पेट्रोल अडलंय की करंट गेलाय?

कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या) जुन्या गाडीची एक ठरलेली तक्रार असते. सकाळी दुसऱ्या किकला चालू होते, गावातल्या गावात गुमान पळते आणि हायवेला लागून पंधरा-वीस किलोमीटर झाले की मान टाकते. दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. बुलेट, येझदी, आरएक्स १००, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८००, सगळ्यांच्या मालकांकडून ही कहाणी जवळपास याच शब्दांत ऐकायला मिळते. आणि बहुतेकांचा पाना पहिल्यांदा कार्बोरेटरलाच लागतो. तो बाहेर दिसतो, दोन बोल्टवर निघतो आणि साफ केल्याचं समाधानही देतो.

दोष मात्र दोन अगदी वेगळ्या घरातले असू शकतात. एक तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पुरेसं पोहोचत नाही. किंवा पेट्रोल पोहोचतंय, पण ते पेटवायला प्लगवर करंट नाही. दोन्ही दोष उष्णतेने किंवा लांब चालण्याने वर येतात आणि दोन्ही थांबल्यावर आपोआप ‘बरे’ होतात. म्हणून ‘थंड झाल्यावर चालू झाली’ या वाक्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेवढंच सांगितलं जातं.

ओल्या फडक्याचंच घ्या. खंडाळा, कसारा, खंबाटकी अशा घाटांत बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या पद्मिनी आणि अँबेसेडर आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आठवतील. बॉनेटखालच्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा-वडापाव होईस्तोवर थांबायचं, गाडी चालू. निदान पक्कं: व्हेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणं. ते पुष्कळदा खरंही असायचं. या गाड्यांचा पंप इंजिनालाच लागलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपात दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यात पेट्रोल हे काही एकच द्रव नव्हे. त्यातले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच वाफ व्हायला लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या घरात जावं लागतं. पंपाचा डायफ्राम द्रव ढकलू शकतो. वाफ आली की ती नुसती दबते आणि फुगते, पुढे काही जात नाही.

पण त्याच बॉनेटखाली प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी इग्निशन कॉइलही बसलेली असते. फडकं पंपावर असताना, त्या पंधरा मिनिटांत, तीही निवते. आत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जुन्या कॉइलमधलं इन्सुलेशन थकलेलं असेल, तर गरम झाल्यावर करंट आतल्या आत पळतो, थंड झाल्यावर पुन्हा वाटेवर येतो. कंडेन्सरचंही तसंच. म्हणजे श्रेय फडक्याला मिळालं, पण काम केलं वेळेने. खरंच तपासायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट थंड करावी. चावी बंद करून घट्ट पिळलेलं ओलं फडकं फक्त कॉइलच्या अंगावर, तारांच्या टोकांना पाणी न लावता, दोन-तीन मिनिटं ठेवा. तेवढ्यावर गाडी चालू झाली आणि पंप अजून चटका देत असेल, तर पंप बहुधा निर्दोष आहे.

मोटरसायकलवाले ‘व्हेपर लॉक’ हा शब्द फार सैल वापरतात. बुलेट किंवा आरएक्सला पंपच नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. तिथे पेट्रोल अडण्याची कारणं साधी असतात: कॉकच्या (टाकीखालच्या तोटीच्या) जाळीत गंज, चेपलेला पाइप, स्वस्तातला फिल्टर, अडकलेली फ्लोटची निडल (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) आणि टाकीचं झाकण. झाकणाकडे कुणी बघत नाही, म्हणून ते जरा नीट बघू. टाकीतून पेट्रोल खाली गेलं की त्याची जागा हवेने घ्यायला हवी. त्यासाठी झाकणाच्या आत टाचणीएवढी वाट असते. धूळ, पॉलिश, नवीन रंग किंवा बाजारातलं ‘फॅन्सी’ झाकण यांनी ती बुजते. मग वीसेक मिनिटं गाडी व्यवस्थित चालते, टाकीत हळूहळू पोकळी तयार होते, धार बारीक होत जाते आणि गाडी बंद पडते. थांबल्यावर हवा कशीबशी आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू. हुबेहूब गरम कॉइलचं लक्षण! तपासणी फुकट आहे: बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. ‘सुस्स’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली आणि गाडी न थांबता लगेच चालू झाली, तर गुन्हेगार सापडला. कॉइल अर्ध्या मिनिटात थंड होत नाही.

बंद पडण्याची रीत हा सर्वांत जुना आणि चांगला पुरावा. करंट गेला की गाडी चावी फिरवल्यासारखी मरते. एका क्षणी ताकद आहे, दुसऱ्या क्षणी नाही. किंवा ती मिसिंग मारते, मध्येच सायलेन्सरमधून फटाका फोडते, कारण न जळलेलं पेट्रोल तिकडे साठून नंतर पेटतं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी कळवते. पिकअप जातो, थ्रॉटल जास्त दिला की आणखी मंदावते, कमी केला की थोडी सावरते, झटके देते आणि मग बसते. अशा वेळी चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) थोडा ओढून पाहा. चोकने गाडीत जीव आला तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे हे जवळपास नक्की. करंटच्या दोषाला चोकने काही फरक पडत नाही, उलट बिघडतं.

बंद पडल्यावर लगेच प्लग काढा. ‘लगेच’ला महत्त्व आहे, दहा मिनिटांनी काढलेला प्लग काहीच सांगत नाही. किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल आलंय पण पेटलेलं नाही. मग प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनाला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. आरएक्स १०० किंवा जुन्या हिरो होंडासारख्या सीडीआयवाल्या (इलेक्ट्रॉनिक डबीने ठिणगी देणाऱ्या) गाडीत प्लग अधांतरी ठेवून किक मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर सीडीआय जळू शकतो. ठिणगी निळसर, जाड आणि टक् असा आवाज करणारी हवी. पिवळी, धाग्यासारखी असेल तर दोष या घरातला आहे. मात्र चांगली ठिणगी दिसली म्हणून करंटला लगेच निर्दोष ठरवू नका. बाहेरच्या मोकळ्या हवेत उडी मारणं सोपं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल बाहेर पास होते आणि आत नापास.

पेट्रोलच्या बाजूला याच तोडीची तपासणी फ्लोटच्या वाटीची. मिकुनी पद्धतीच्या बहुतेक कार्बोरेटरला तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. इंजिन निवल्यावर, कॉक चालू ठेवून, खाली बाटली धरून तो सैल करा. पहिला घोट वाटीतला असतो, तो मोजू नका. त्यानंतरही धार सलग पडत राहते का, हे बघायचं. थेंबथेंब येत असेल तर टाकीपासून निडलपर्यंत कुठेतरी अडथळा आहे. पंपवाल्या मोटारीत कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडावा आणि स्टार्टर मारावा, पण आधी कॉइलची तार काढून. नाहीतर पेट्रोल आणि ठिणगी एकाच वेळी मोकळी सुटतील. बाटलीत बुडबुडे आले तर व्हेपर लॉक किंवा कुठेतरी पाइप हवा खेचतोय.

एक फसवा प्रकार वेगळा ठेवला पाहिजे. हायवेवर चालताना काहीच त्रास नाही, पण पेट्रोल पंपावर पाच मिनिटं बंद केली की परत चालूच होत नाही. इथे पेट्रोल कमी नसून जास्त झालेलं असतं. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, उष्णता वर कार्बोरेटरकडे चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) आत सांडतं. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे आगीत तेल. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, चोक न ओढता किक मारा, जादा पेट्रोल बाहेर पडेल. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) मध्ये असलेलं जाड काळं बेकेलाइटचं पॅकिंग याच उष्णतेसाठी असतं. कार्बोरेटर बदलताना ‘हे कशाला’ म्हणून ते फेकून पातळ गॅस्केट लावणारे कमी नाहीत.

पॉइंटवाल्या (कॉइलचा करंट उघडझाप करून तोडणाऱ्या यांत्रिक स्विचच्या) गाडीचा कंडेन्सर मला सगळ्यात लबाड वाटतो. दिसायला अंगठ्याच्या पेराएवढा डबा, धारिता साधारण ०.२ मायक्रोफॅरड, किंमत किरकोळ. थंड असताना मीटरवर उत्तम दाखवतो. तो उतरला की पॉइंट उघडताना करंट तिथेच उडी मारतो आणि प्लगपर्यंत अर्धाच पोहोचतो. संध्याकाळच्या अंधारात पॉइंटचं झाकण काढून, गाडी चालू ठेवून बघा. बारीक निळी चमक चालते. ठळक, पांढरी-पिवळी चटचट दिसली तर कंडेन्सर बदलायचा. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला टेकडी उठलेली असेल तरी तोच संशय. नुसता पॉलिश पेपर मारून, बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचा गॅप लावून दिला की गाडी चार दिवस चालेल आणि परत येईल.

गोंधळाचा खरा खर्च इथे सुरू होतो. करंट अशक्त असेल तर पेट्रोल पूर्ण जळत नाही, प्लग काळा येतो. काळा प्लग बघून निदान होतं ‘रिच आहे’, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, आणि कार्बोरेटर लीन, म्हणजे कमी पेट्रोल सोडणारा, केला जातो. आता दोष दोन झाले. लीन इंजिन आणखी गरम होतं, म्हणजे कॉइल आणखी लवकर दगा देते. आणि आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये हीच चाल पिस्टन सीझ होईपर्यंत जाऊ शकते. त्यात कुठला स्क्रू कुठे फिरवायचा याचाही घोळ असतो. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, आत घेतला की लीन. दोन्ही दिसायला सारखे पितळी स्क्रू, दिशा उलटी.

इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या बाजूचे दोष वाढले, हे खरं आहे. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, पण थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ व्हायची प्रवृत्ती वाढते. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम फुगतात किंवा ताठरतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून जाळीत येतो. शिवाय शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि गाडी आपोआप लीन होते. त्यामुळे एक नंबर मोठा मेन जेट टाकणं आज शास्त्राला धरून आहे. पण हायवेवर चावी फिरवल्यासारखी मरणाऱ्या गाडीला त्याने काडीचा फरक पडणार नाही.

मॉडिफिकेशनचा विचार इथूनच करावा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं हा करंटच्या घरातला इलाज. गॅप आणि कंडेन्सर दोन्हींची कटकट जाते, मात्र किटसोबत सांगितलेल्या रेझिस्टन्सचीच कॉइल हवी, नाहीतर नवा मॉड्यूल जुन्या कॉइलपायी तापतो. जुने पॉइंट-कंडेन्सर फेकू नका, डिक्कीत ठेवा. मॉड्यूल वाटेत गेला तर पाना आणि फीलर गेजवर (गॅप मोजायच्या पट्टीवर) घरी पोहोचता येतं. मोटारीला इलेक्ट्रिक पंप हा पेट्रोलच्या घरातला इलाज. तो टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवायचा म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं आणि पाइपातला दाब वाढतो. बॉनेटखाली बसवलात तर पैसे गेले. पंप कमी दाबाचा, ०.२ ते ०.३ बारच्या आतला घ्या. इंजेक्शनच्या गाडीतला ३ बारचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून लावला तर निडल तो दाब अडवूच शकत नाही. पेट्रोल कार्बोरेटरवरून तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडेल. आणि पंपाला करंट रिलेमधून द्या, इंजिन बंद पडल्यावर पंपही बंद होईल अशा जोडणीने. चावी चालू आणि इंजिन बंद अशा अवस्थेत अपघातानंतर पंप चालत राहिला, तर फुटलेल्या पाइपातून टाकी रिकामी होत राहते.