टीबीला कोंडणारा रेणू आणि क्रोन्सचा आजार

तिखट खाऊन आतड्याला जखमा होतात, अशी सोलापुरात अनेकांची पक्की समजूत आहे. पंचविशीतल्या पोराचं पोट महिनोन्‌महिने दुखतंय, जुलाब थांबत नाहीत, वजन उतरत चाललंय, तर घरचे आधी शेंगाचटणी बंद करतात आणि ताक-भातावर ठेवतात. फरक पडला नाही की ‘कुणीतरी खाण्यातून काहीतरी घातलंय’ असा संशय निघतो आणि पोराला पोटातली करणी काढणाऱ्याकडे नेलं जातं. तिथं ओकारी काढून केसांचा पुंजका दाखवतात. हा निव्वळ हातचलाखीचा धंदा आहे आणि त्याचा मला मनापासून संताप येतो, कारण त्यात जाणाऱ्या महिन्यांची किंमत आतडं मोजतं.

अशा पोराला क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो, आणि तो तिखटानं होत नाही. आतड्यात राहणाऱ्या जंतूंशी जुळवून घेणारी आपली प्रतिकारशक्ती तिथं बिथरते आणि आतड्याच्या भिंतीवरच तुटून पडते. त्यामागे थोडी आनुवंशिकता असते, थोडा परिस्थितीचा वाटा असतो. जखमा फक्त आतल्या अस्तरावर थांबत नाहीत, भिंतीच्या आरपार जातात. म्हणून पुढे आतडं अरुंद होतं किंवा भगंदर होतं. वारंवार भगंदर होणाऱ्या तरुणाला नुसतं मूळव्याधीचं मलम देऊन परत पाठवू नये, आतडं तपासावं.

१९१३ मध्ये ग्लासगोचे सर्जन डाल्झिएल यांनी अशा आतड्यांचं वर्णन केलं. गुरांना टीबीच्याच कुळातल्या जंतूमुळे आतड्याचा एक रोग होतो, त्याच्याशी त्यांना विलक्षण साम्य दिसलं. पण ते जंतू मात्र सापडेनात. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांवरून हा वेगळा आजार म्हणून मांडला. म्हणजे टीबीसारखं दिसणं ही या आजाराची जुनीच खोड आहे, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात मोठी अडचण ठरते.

लहान आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं, ती जागा टीबी आणि क्रोन्स या दोघांच्याही आवडीची. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ‘पेयर्स पॅचेस’ नावाचे प्रतिकारपेशींचे पुंजके दाटीनं असतात. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातले जंतू उचलून आत पेशींना तपासायला देतात. टीबीचा जंतूही याच वाटेनं आत शिरतो.

पुढचं समजून घेण्यासारखं आहे. मॅक्रोफेज ही पेशी टीबीचा जंतू गिळते, पण तो तिच्या पोटात मरत नाही. मग ती टीएनएफ नावाचा रेणू सोडते. त्या हाकेवर आणखी मॅक्रोफेज येतात, एकमेकींना चिकटतात, त्यांच्याभोवती लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रतिकारपेशींचं कडं पडतं. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला दुहेरी तटबंदी आहे, तसाच हा प्रकार. फक्त इथं शत्रू बाहेर नसतो, आत कोंडलेला असतो. ही तटबंदी टिकवायला टीएनएफ सतत लागतो. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या शरीरात टीबीचा जंतू असा झोपून असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर टीबी होत नाही.

क्रोन्समध्ये हाच टीएनएफ कोंडायला जंतू नसताना पाझरत राहतो आणि आतडं पोळतो. म्हणून त्यालाच पकडणारी अँटिबॉडी औषध म्हणून तयार झाली, इन्फ्लिक्सिमॅब. १९९८ मध्ये अमेरिकेत तिला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा भरू लागल्या. पण २००१ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या काहींमध्ये झोपलेला टीबी उठतोय. टीएनएफ काढून घेतला की तट ढासळतो.

त्यातही एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. एटानरसेप्ट हे औषधही टीएनएफलाच पकडतं आणि संधिवातात छान चालतं, पण क्रोन्समध्ये उपयोगी पडलं नाही. ते मुख्यतः मोकळा फिरणारा टीएनएफ धरतं. इन्फ्लिक्सिमॅब पेशीच्या पृष्ठभागावर बसलेल्या टीएनएफलाही घट्ट धरतं आणि त्या भडकलेल्या पेशी मरतात. क्रोन्समध्ये गुण याचाच येत असावा, असं मानलं जातं. एटानरसेप्टनं टीबी उठण्याचा धोकाही तुलनेनं कमीच दिसला.

म्हणूनच हे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि कातडीवरची मॅंटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतात. झोपलेला टीबी सापडला तर आधी त्याच्या प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू होतात.

निदान चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या चालू ठेवल्या तर आतडं आकसत जातं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं आतडं तपासताना, घेतलेल्या तुकड्यात टीबीचा जंतू सापडला किंवा ग्रॅन्युलोमाचं केंद्र चीजसारखं मेलेलं दिसलं तर प्रश्न सुटतो. अनेकदा यातलं काहीच सापडत नाही. मग टीबीचे उपचार सुरू करून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा बघतात. टीबीच्या जखमा एव्हाना भरत आलेल्या असतात. नुसतं बरं वाटतंय, वजन वाढलंय, एवढ्यावर विसंबू नये. काही क्रोन्सच्या रुग्णांनाही या गोळ्यांवर तात्पुरतं बरं वाटतं. दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नका, एवढं मी कळकळीनं सांगतो.

पैशाची बाजूही आहे. टीबीची औषधं सरकारकडून मोफत मिळतात. क्रोन्समध्ये टीबीसारखा सहा महिन्यांचा कोर्स करून सुटका नाही. देशात बनलेल्या बायोसिमिलरमुळे, म्हणजे मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या औषधांमुळे, इंजेक्शनं पूर्वीपेक्षा स्वस्त झाली, तरी विणकराच्या किंवा विडी कामगाराच्या घराला ती जडच जातात.

खाण्याचं म्हणाल तर एकच पथ्य सगळ्यांना लागू नाही. आतडं अरुंद झालेलं नसेल आणि आजार शांत असेल तर ज्वारीची भाकरी सोडायची गरज नसते. अरुंद झालं असेल तर चोथ्याचे पदार्थ अडकू शकतात, तेव्हा आहारतज्ज्ञाला विचारून खावं. सिगारेट आणि विडी मात्र पूर्ण बंद, कारण धुरानं क्रोन्स बळावतो. अंगदुखीवर मेडिकलमधून मनानं वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्याच भागात शोषलं जातं, त्यामुळे ते आणि हिमोग्लोबिन वेळोवेळी तपासून घ्यावं. ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नये. ज्या जनुकीय बदलामुळे त्या एकाएकी घसरतात, तो आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो.

इन्फ्लिक्सिमॅबचे पहिले तीन डोस शून्य, दोन आणि सहा आठवड्यांना आणि नंतर साधारण दर आठ आठवड्यांनी असतात. बरं वाटलं म्हणून मध्येच खंड पाडला तर शरीर या औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवू लागतं आणि पुढचा डोस लागू पडत नाही, कधी सलाइन चालू असतानाच रिॲक्शनही येते. सोलापूरहून पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन डोस घेणाऱ्यांची तारीख लग्नसराईत, गड्ड्याच्या जत्रेत हमखास पुढे ढकलली जाते. तसं होणार असेल तर डॉक्टरांना आधीच फोन करून दुसरी तारीख ठरवून घ्यावी.