काटा 180 लाच का अडतो? जपानी इम्पोर्टेड गाड्यांची भानगड

जपानमधून आलेली जुनी गाडी इंग्लंडात, न्यूझीलंडमध्ये, केनियात, कुठेही दिसली तर एकदा तिच्या मीटरकडे बघा, बहुतेक वेळा आकडे ताशी 180 किमीला संपतात. मग ती साधी कोरोला असो नाहीतर अडीचशेच्या घरात पळायची ताकद असलेली स्कायलाइन जीटी-आर. आणि 660 सीसीची ती डबीसारखी केई कार असेल तर आकडे 140 ला संपतात. बरं हा नुसता डायल छापण्यातला कंजूषपणा नाहीये, काटा तिथे पोचला की इंजिन खरंच पेट्रोल घेणं बंद करतं, पाय कितीही दाबा.

गंमत म्हणजे कारसाठी हा सरकारी कायदा नाही, जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलेली गोष्ट आहे. त्यांना असले समजूतदार करार करायची सवयच होती, 1989 पासून 2004 पर्यंत कुणीच कागदावर 280 हॉर्सपॉवरच्या वर जायचं नाही असंही चाललं होतं (कागदावर हं, प्रत्यक्षात काही गाड्या गुपचूप जास्त ताकद काढायच्या). पण मग 180 च का? हायवेची लिमिट तर 100, आणि 120 ची परवानगी आली तीसुद्धा अगदी अलीकडे, शिन-तोमेई एक्स्प्रेसवेच्या एका लांब पट्ट्यावर 2020 च्या डिसेंबरपासून कायमची. याचा एक खुलासा नेहमी ऐकायला मिळतो की 6 टक्के चढावर 100 चा स्पीड टिकवायला जेवढी ताकद लागते तेवढ्या ताकदीत सपाट रस्त्यावर गाडी 180 जाते. मला हे जरा ओढूनताणून वाटतं. दीड टनाची गाडी धरून ढोबळ हिशोब केला, चढाचा ओढा साधारण 880 न्यूटन, त्यात हवेचा आणि टायरचा विरोध मिळवला, तर तेवढ्याच ताकदीत सपाटीवर दीडशेच्या आसपास येतं, चार माणसं बसवली तर फार तर 160. बाकीचं सढळ हाताने मोजलेलं दिसतंय.

त्याच्याही आधी जपानमध्ये घंटी होती. सत्तरच्या दशकापासून 1986 पर्यंत गाडी 100 च्या जरा वर गेली, केई असेल तर 80 च्या वर, की आत कीन-कोन कीन-कोन सुरू. बाहेरच्या देशातल्या कंपन्यांनी कटकट केली की ही आमच्या गाड्या अडवायची युक्ती आहे, शिवाय त्या एकसुरी आवाजाने झोप येते असंही लोक म्हणायचे, शेवटी सक्ती गेली. आपल्याकडे मात्र 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत 80 ला टुंग टुंग आणि 120 ला अखंड बीप आलाच, त्यामुळे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 100 च्या लिमिटमध्ये शहाण्यासारखं चालवलं तरी गाडी आपल्याला रागावतेच.

आता खरी गोष्ट. गाडीला स्वतःचा स्पीड माहीतच नसतो. तिला फक्त काहीतरी गोल फिरतंय एवढंच कळतं आणि ती ते मोजत बसते.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक लवचिक केबल यायची, केबलच्या टोकाला फिरणारं चुंबक, चुंबकावर न टेकता बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि वाटीला काटा. चुंबक फिरलं की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, ते वाटीला चुंबक फिरतंय त्या दिशेने ओढतात आणि एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते, जिथे दोघांची बरोबरी होते तिथे काटा थांबतो. ही आयडिया जर्मनीच्या ऑटो शुल्झची, पेटंट 1902 चं. जपानी मानकात ठरलेलं होतं की 60 च्या स्पीडला ही केबल मिनिटाला 637 वेळा फिरायची, म्हणजे किलोमीटरला 637 फेरे. त्याच चुंबकाजवळ एक बारीक रीड स्विच (चुंबकाने उघडझाप होणारा स्विच) असायचा, तो दर फेऱ्याला 4 वेळा उघडझाप करायचा, म्हणजे किलोमीटरला 2548 ठोके. 180 च्या स्पीडला हे सेकंदाला साधारण 127 होतात. इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं असतं की 127 च्या आसपास ठोके आले की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद. झाला लिमिटर! जुन्या गाडीत हे होतं तेव्हा नाक खाली दबतं, स्पीड जरा उतरला की पेट्रोल परत चालू, परत धक्का, असं हिसके देत चालतं. नव्या गाड्यांत चाकांच्या एबीएस सेन्सरवरून आकडा येतो आणि इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटलच हळूच मिटतो, पण मोजणी शेवटी फेऱ्यांचीच.

आणि फेरे मोजले की टायर मध्ये येतो. 195/65 आर 15 चा नवा टायर साधारण 634 मिलिमीटर व्यासाचा, नक्षी 8 मिमीची 1.6 मिमी झाली की व्यास 2 टक्क्यांनी घटतो, तेवढाच काटा जास्त दाखवायला लागतो. उलट कुणी हौसेने 5 टक्के मोठे टायर टाकले तर तेच 127 ठोके पडायला गाडी खरंतर 189 ला पोचलेली असते, म्हणजे लिमिटरही फसला. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, संयुक्त राष्ट्रांच्या नियमात तर लिहूनच ठेवलंय की मीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्याच्या दहा टक्के अधिक 4 किमी इथपर्यंत माफ. खरा 100 असताना काटा 114 वर असला तरी मीटर पास!

ब्रिटनमध्ये अजून एक घोळ, तिथे मैल. स्टीअरिंग उजवीकडे म्हणून जपानी गाड्या तिथे सोयीच्या पडतात, पण मीटरवर ताशी मैल दिसायला पाहिजेत. एक उपाय म्हणजे मैलांचा नवा डायल चिकटवायचा, मग ठोके तेच राहतात आणि लिमिटर 112 मैलांवर, म्हणजे 180 किमीवरच, शाबूत. दुसरा उपाय म्हणजे वायर कापून मध्ये एक चिप बसवायची, ती ठोके 0.621 पट करते, त्यामुळे जुन्या डायलवरच 70 म्हणजे 70 मैल दिसतात. पण ही चिप इंजिनच्या कॉम्प्युटरच्या आधी बसली तर तोही फसतो आणि त्याचा 180 आता 180 मैल, म्हणजे 290 किमी होतो! कुणी लिमिटरला हात न लावता लिमिटर गेला. पॉवर स्टीअरिंग त्याच सिग्नलवर चालत असेल तर तेही गाडी हळू आहे समजून नको तेवढं हलकं राहतं, आणि 70 मैलांच्या मोटरवेवर हलकं स्टीअरिंग काही बरं नाही.

2007 च्या निसान जीटी-आरने तर लिमिटर नकाशालाच जोडला, गाडी फुजी किंवा सुझुकासारख्या जपानी रेसट्रॅकवर आहे असं जीपीएसने सांगितलं तरच स्क्रीनवर 180 चं बंधन काढायचा पर्याय येतो. जपानी बाजारासाठी बनलेली तीच गाडी परदेशी नेली की नकाशात तिथला एकही ट्रॅक नाही, म्हणजे बंधन कायम.

परदेशात आपली बरीच माणसं असल्या इम्पोर्टेड गाड्या घेतात, ब्रिटनमध्ये घेणाऱ्यांनी तरी ओडोमीटर, म्हणजे गाडी एकूण किती चालली ते दाखवणारा आकडा, नीट बघावा. ओडोमीटरही त्याच ठोक्यांवर चालतो. गाडी 80,000 किमी चालून बोटीतून उतरली, मग चिप बसली, मग 20,000 मैल चालली, तर मीटरवर दिसणार बरोब्बर 1,00,000. हे ना किलोमीटर ना मैल. खरं अंतर 1,12,000 किमीच्या थोडं वर. विकणारा खोटं बोलतोय असंही नाही, त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं, म्हणून तिथल्या वार्षिक तपासणीच्या जुन्या नोंदी काढून आकड्यापुढे किमी लिहिलंय की मैल, आणि ते कुठल्या वर्षी बदललं, हे बघायचं, आणि मोबाइलचं जीपीएस चालू करून मोकळ्या रस्त्यावर एकदा काटा ताडून घ्यायचा.