बेकारी भत्त्याची मुदतवाढ (अमेरिका)

अमेरिकेत नोकरी गेलेल्या कामगाराला ठरावीक आठवडे मिळणारा बेकारी भत्ता मंदीच्या काळात त्या मर्यादेपलीकडे चालू ठेवण्याची व्यवस्था. हा भत्ता 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने देशभर उभ्या राहिलेल्या बेकारी विम्यातून दिला जातो. विस्कॉन्सिन राज्याने असा कायदा त्याआधीच, 1932 मध्ये, केला होता. विम्याचा पैसा मुख्यतः मालकांकडून वेतनावर घेतलेल्या करातून येतो आणि रक्कम व कालावधी प्रत्येक राज्य आपापला ठरवते. बहुतेक राज्यांत कमाल कालावधी 26 आठवड्यांचा आहे. एरवी तो पुरतो. मंदीत मात्र जागाच निघत नसल्याने भत्ता आधी संपतो आणि काम नंतर मिळते. त्याच सुमारास राज्यांचे विमा निधीही आटू लागतात, म्हणून वाढीव आठवड्यांचा भार पूर्णतः किंवा अंशतः संघीय सरकारवर येतो.

पहिली मुदतवाढ 1958 च्या मंदीत आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत झाली, पण ती राज्यांना दिलेल्या कर्जाच्या रूपात असल्यामुळे अनेक राज्ये तिच्यापासून दूरच राहिली. 1961 मध्ये तात्पुरती योजना पुन्हा करावी लागली. दर मंदीत नवा कायदा करण्याची ही पद्धत टाळण्यासाठी 1970 च्या कायद्याने कायमची ‘विस्तारित भत्ता’ योजना आणली. राज्यातील बेकारीने ठरावीक पातळी ओलांडली की 13 आठवडे आपोआप वाढतात आणि खर्च संघ व राज्य निम्मा निम्मा उचलतात. तिच्या रचनेत मात्र एक विचित्र दोष राहिला. बेकारीचा दर मागील दोन वर्षांतील त्याच काळाच्या तुलनेत किमान 120 टक्के असावा, अशी अट असल्यामुळे मंदी लांबली आणि दर उच्च पातळीवरच स्थिरावला, तर बेकारी कमी न होताही योजना बंद पडते. डिसेंबर 2010 मध्ये राज्यांना तीन वर्षे मागे पाहण्याची मुभा देऊन ही अडचण तात्पुरती निभावून नेण्यात आली.

त्यामुळे व्यवहारात मोठी मुदतवाढ कायद्यातील स्वयंचलित तरतुदीपेक्षा अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) मतदानावरच अवलंबून राहिली आहे. 2008 च्या वित्तीय संकटात 30 जून 2008 रोजी बुश यांच्या सहीने 13 आठवड्यांची आपत्कालीन योजना सुरू झाली. नोव्हेंबर 2009 पर्यंत तिचे चार टप्पे झाले आणि जास्त बेकारी असलेल्या राज्यांत सर्व मिळून 99 आठवड्यांपर्यंत भत्ता मिळू लागला. ऑक्टोबर 2009 मध्ये देशातील बेकारीचा दर 10 टक्क्यांवर होता. योजनेची मुदत मात्र दर वेळी थोड्याच महिन्यांची असे, आणि जून 2010 च्या आरंभी ती संपून लाखो लोकांचे धनादेश थांबले. सिनेटमध्ये चर्चा आवरून मतदान घेण्यासाठी लागणारी 60 मते जमत नव्हती. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी कार्ट गुडविन यांनी 20 जुलै रोजी शपथ घेतली. त्याच दिवशी 60 विरुद्ध 40 मतांनी कोंडी फुटली आणि दोन दिवसांनी मागील थकबाकीसह भत्ता पुन्हा सुरू झाला. पुढे 28 डिसेंबर 2013 रोजी योजना बंद झाली तेव्हा सुमारे 13 लाख लोकांचा भत्ता एका दिवसात थांबला. बेकारीचा दर तोवर सात टक्क्यांखाली आला होता, परंतु बेकारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कामाविना होते.

कोविडच्या साथीत मार्च 2020 अखेरच्या एका आठवड्यात 60 लाखांहून अधिक नवे अर्ज आले. त्याआधीचा, 1982 मधील, उच्चांक सात लाखांच्याही आत होता. 27 मार्चच्या कायद्याने 13 जादा आठवडे दिले, स्वयंरोजगारी व अ‍ॅपवर काम करणाऱ्यांना प्रथमच सामावून घेतले आणि प्रत्येक लाभार्थ्याला आठवड्याला सरसकट 600 डॉलर जादा दिले. गेलेल्या पगाराच्या प्रमाणात रक्कम ठरवणे अधिक न्याय्य ठरले असते, पण राज्यांच्या जुनाट संगणक यंत्रणांना तो हिशेब जमण्यासारखा नव्हता. परिणामी अनेक अल्पवेतनी कामगारांना पूर्वीच्या पगाराहून जास्त भत्ता मिळाला. एच-1बी व्हिसावरील भारतीय कर्मचारी मात्र साधारणपणे या लाभाबाहेरच राहिले. त्यांच्या वेतनावरही मालक कर भरतो, परंतु भत्ता घेणारा दुसरे काम स्वीकारण्यास मोकळा असावा लागतो आणि त्यांचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो.

मुदतवाढीवरचा जुना आक्षेप असा, की भत्ता लांबला की काम शोधण्याची निकड कमी होते. 2008 नंतरच्या काळावरील बहुतेक अभ्यासांत हा परिणाम दिसला, पण तो लहान होता. शिवाय त्यातला काही भाग, भत्त्यासाठी काम शोधत राहण्याची अट असल्याने, लोकांनी निराश होऊन शोध सोडला नाही एवढ्यापुरताच होता. भत्ता लगेच किराणा आणि घरभाड्यावर खर्च होत असल्याने मंदीत बाजारातील मागणी टिकते, ही समर्थकांची बाजू. साथकाळातील योजना 6 सप्टेंबर 2021 रोजी संपायच्या होत्या. सुमारे निम्म्या राज्यांनी, कामगार मिळत नाहीत असे सांगून, त्या किंवा त्यांचा काही भाग जून-जुलैमध्येच बंद केला. त्या राज्यांत भत्ता गमावणाऱ्यांची संख्या काम मिळालेल्यांपेक्षा बरीच मोठी होती.