पिंपातला डास आणि गच्चीवरच्या टाकीतला डास

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं भरलेली असतात. परवा बॅटरी घेऊन आमच्या घरातलं साठवणीचं पाणी तपासलं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तडकलेलं होतं, आत आळ्या पाण्याला समांतर, काडीसारख्या आडव्या तरंगत होत्या. हा ॲनोफिलीस, हिवतापाचा. मोरीतल्या पिंपात मात्र आळ्या डोकं खाली करून लोंबकळत होत्या आणि झाकणाखाली पांढऱ्या पट्ट्यांचा डास बसला होता. हा एडिस, डेंगीचा.

कोणता डास कोणता ताप पसरवतो, हा घोळ जुनाच आहे. हिवताप डासांतून पसरतो हे शोधणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनीही आधी करड्या आणि पट्टेरी डासांची पोटं तपासण्यात दोन वर्षं घालवली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ठिपकेदार पंखांचा डास, म्हणजे ॲनोफिलीस, हाती लागला, तेव्हा कुठे हिवतापाचा जंतू दिसला.

एडिस दिवसा चावतो, ॲनोफिलीस रात्री, हे बहुतेकांना माहीत असतं. खरा फरक अंड्यांत आहे. ॲनोफिलीसची अंडी पाण्यावर तरंगतात, वाळली की मरतात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर पिंपाच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, काथ्याने आतून घासावंच लागतं. टाकीला घट्ट झाकण हवं, हौदात गप्पी मासे सोडावेत.

हवामानाचा हिशेब हिवतापात फार कडक आहे. हिवतापाच्या जंतूंपैकी फाल्सिपेरम हा जंतू डासाच्या पोटात २८ अंशांना नऊ-दहा दिवसांत तयार होतो, २० अंशांना चार आठवडे घेतो. तेवढे दिवस बहुतेक डास जगतच नाहीत. आपल्या मे महिन्यातल्या चाळिशीपारच्या कोरड्या उन्हातही डास टिकत नाही. पावसाने हवा दमट झाली की त्याचं आयुष्य वाढतं, मग तापाचे रुग्णही वाढतात.

डासाची आवडही महत्त्वाची. ॲनोफिलीसच्याही जाती आहेत: आपल्या खेड्यांतला क्युलिसिफेसिस गुराढोरांवर जास्त बसतो. आफ्रिकेतला गॅम्बी मात्र माणसालाच शोधतो, आणि हिवतापाचे ९० टक्क्यांहून जास्त मृत्यू तिथेच होतात. आता आपल्याकडचा टाक्यांत वाढणारा स्टिफेन्सी तिकडे पोहोचलाय: २०१२ मध्ये तो पूर्व आफ्रिकेतल्या जिबूती देशात सापडला, नंतर इथिओपियातल्या शहरांतही. तडकलेलं झाकण मी त्याच संध्याकाळी बदललं.