पोस्टग्रेसची मेमरी-व्यवस्था आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या चाचण्या

एखादा छोटा प्रोग्राम काम आटोपून बंद होतो, तेव्हा त्याने वापरलेली सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते आणि मधल्या काळातल्या निष्काळजीपणाचा कोणाला पत्ताही लागत नाही. डेटाबेस सर्व्हरला ही सवलत नाही. पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालते आणि जोडणी कित्येक दिवस उघडी राहिली, तर ती प्रोसेसही तितके दिवस जिवंत राहते. अशा प्रोसेसमध्ये मेमरीची गळती झाली, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत गेलीच नाही, तर यंत्र हळूहळू गुदमरते. सोडून दिलेल्या मेमरीतून चुकून वाचन झाले, तर त्याहून वाईट म्हणजे चुकीचे उत्तर बिनबोभाट मिळू शकते. या सर्व्हरच्या मेमरी सांभाळणाऱ्या कोडचा आणि त्याच्या चाचणीसंचाचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही, कारण मेमरीची सोय जशी सुधारत गेली तशा काही चुका चाचण्यांच्या नजरेआड गेल्या आणि त्या पुन्हा दिसाव्यात यासाठी चाचण्यांची बाजू दरवेळी नव्याने बांधावी लागली.

मूळ पोस्टग्रेस प्रकल्प १९८६ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. सुरुवातीच्या कोडचा काही भाग लिस्प भाषेत होता. लिस्पमध्ये निरुपयोगी झालेली मेमरी भाषाच गोळा करते, तर सी भाषेत ती जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रामरची असते. पुढे सगळा कोड सीमध्ये आला. अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी १९९४ मध्ये त्याला एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेची जोड देऊन ‘पोस्टग्रेस९५’ तयार केले आणि १९९६ मध्ये आजचे नाव रूढ झाले. बर्कलीहून या प्रकल्पाला वारशाने मिळालेल्या गोष्टींपैकी सर्वांत टिकाऊ ठरलेली गोष्ट, माझ्या मते, ‘मेमरी कॉन्टेक्स्ट’ ही कल्पना होय.

ही कल्पना अशी की, मेमरीचा प्रत्येक तुकडा एका नाव असलेल्या कॉन्टेक्स्टमध्ये मागितला जातो आणि काम संपले की तुकडे एकेक करून न सोडता तो कॉन्टेक्स्टच रिकामा केला जातो. कॉन्टेक्स्ट एकमेकांच्या पोटात असतात. बाहेरचा नष्ट केला की आतले आपोआप जातात. सर्व्हरमध्ये याचा मोठा फायदा चूक घडते तेव्हा दिसतो. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) अर्ध्यावर फसली की नियंत्रण दहा-वीस फंक्शने ओलांडून थेट वर उडी मारते. मधल्या फंक्शनांना आपापली मेमरी परत करण्याची संधीच मिळत नाही. कॉन्टेक्स्ट नसते, तर प्रत्येक फसलेली क्वेरी थोडी गळती मागे ठेवून गेली असती. आतली रचनाही सोपी आहे: नेहमीचा ऍलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) ऑपरेटिंग सिस्टिमकडून आधी ८ किलोबाइटचा ब्लॉक घेतो, पुढचे ब्लॉक दुप्पट करत ८ मेगाबाइटपर्यंत नेतो आणि लहान मागण्या दोनच्या घातांपर्यंत वाढवून या ब्लॉकमधूनच भागवतो.

कल्पना चांगली असली तरी ती पुरेशी बारीक नव्हती. ७.० आवृत्तीपर्यंत क्वेरी चालू असताना तयार होणारी तात्पुरती मूल्ये क्वेरी संपेपर्यंत तशीच पडून राहत. लाखो ओळींच्या तक्त्यावर मजकुराच्या एखाद्या स्तंभाला फंक्शन लावले, की प्रत्येक ओळीमागे एक नवी अक्षरमाला तयार होई आणि एकही परत जात नसे. तांत्रिकदृष्ट्या याला गळती म्हणता येत नव्हते, कारण शेवटी सगळे सुटत होते. पण तो शेवट येण्याआधीच मेमरी संपत असे. २००१ मध्ये आलेल्या ७.१ आवृत्तीत प्रत्येक ओळीपुरता जगणारा अल्पायुषी कॉन्टेक्स्ट आला आणि पुढची ओळ हाती घेण्यापूर्वी तो रिकामा होऊ लागला.

या सुधारणेने प्रश्न सुटला आणि एक नवा धोका वाढला. मूल्याचे आयुष्य एका ओळीपुरते आखडल्यामुळे, त्या मूल्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कोणी पुढच्या ओळीपर्यंत जपून ठेवला, तर तो आता मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. शिवाय मोकळी झालेली जागा बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जात नाही, ती त्याच ब्लॉकमध्ये पुन्हा वापरासाठी राहते. म्हणजे जुना मजकूर तिथेच असतो, वाचणाऱ्याला बरोबर उत्तर मिळते आणि चाचणी पास होते.

इथे चाचणीसंचाचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. पोस्टग्रेसच्या मुख्य चाचण्या एसक्यूएल फाइल चालवून तिचे छापील उत्तर आधी साठवलेल्या अपेक्षित उत्तराशी अक्षरशः ताडून पाहतात. त्या चालवणारा प्रोग्राम पूर्वी शेल स्क्रिप्ट होता. तो २००६ च्या ८.२ आवृत्तीत सीमध्ये नव्याने लिहिला गेला. २००४ पासून ‘बिल्डफार्म’ या व्यवस्थेत स्वयंसेवकांची नाना प्रकारची यंत्रे ताजा कोड घेऊन याच चाचण्या चालवतात आणि तिथे प्रत्येक यंत्राला प्राण्याचे नाव असते. उत्तरे ताडून पाहण्याची ही पद्धत वापरणाऱ्याला दिसणारे वर्तन छान राखते. मात्र उत्तर बरोबर आहे, पण ते मेलेल्या मेमरीतून आले आहे, हे तिला ओळखता येत नाही.

म्हणून ऍलोकेटरलाच साक्षीदार करण्यात आले. तपासणीसाठी खास बांधलेल्या (म्हणजे त्याच कोडपासून वेगळे पर्याय लावून तयार केलेल्या) सर्व्हरमध्ये सोडलेला प्रत्येक तुकडा षोडशमान पद्धतीतील ७एफ या बाइटने भरून टाकला जातो. मग जुना पॉइंटर वापरणाऱ्या कोडला जुना मजकूर मिळत नाही; छापील उत्तरात कचरा येतो आणि चाचणी फसते. त्या तुकड्यात दुसरा पॉइंटर असेल, तर आठही बाइट ७एफ असलेला पत्ता ६४ बिटच्या इंटेल-प्रकारच्या प्रोसेसरवर वैधच नसल्याने सर्व्हर जागीच कोसळतो. डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) ७एफची अशी रांग दिसली, की सरावलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही.

मागितलेल्या हद्दीपलीकडे लिहिणाऱ्या कोडसाठी तुकड्याच्या शेवटानंतर एक पहारेकरी बाइट ठेवला जातो आणि तो बदललेला आढळला तर इशारा छापला जातो. यात बरीच वर्षे एक फट राहिली होती. पहारेकऱ्याला जागा मिळे ती मागणी वरच्या आकारापर्यंत वाढवताना उरलेल्या जागेत. नेमकी १६ किंवा ६४ बाइटची मागणी आली तर काहीच उरत नसे, म्हणजे सर्वांत नीटनेटक्या आकाराच्या मागण्यांवर पहाराच नव्हता. २०२३ मध्ये आलेल्या १६व्या आवृत्तीपासून तपासणीच्या बांधणीत या बाइटसाठी मुद्दाम जागा राखली जाते.

मेमरीच्या चुका शोधणारी व्हॅलग्राइंडसारखी बाहेरची साधनेही आपल्या बळावर इथे अपुरी पडत, कारण त्यांना ८ किलोबाइटचा अख्खा ब्लॉक एकच वापरातला तुकडा वाटे. २०१३ मध्ये पोस्टग्रेसच्या कोडमध्ये व्हॅलग्राइंडला प्रत्येक तुकड्याचा जन्म आणि मृत्यू कळवणाऱ्या सूचना घालण्यात आल्या. आपला ऍलोकेटर लिहिणाऱ्याने तपासनिसाला त्याची भाषाही शिकवली पाहिजे, ही जाणीव उशिरा आली असे म्हणावे लागते.

काही चुका मात्र मेमरीपेक्षा वेळेशी बांधलेल्या असतात. तक्त्यांची माहिती प्रत्येक प्रोसेस आपल्या कॅशमध्ये (हाताशी ठेवलेल्या प्रतींच्या साठ्यात) ठेवते आणि दुसऱ्या कोणी तक्ता बदलला की ती नोंद रद्द होते. नोंद रद्द होण्याच्या नेमक्या क्षणी तिचा पॉइंटर कोणी धरून बसला असेल तरच घोटाळा होतो, आणि एकट्याने चालणाऱ्या चाचणीत तो क्षण क्वचितच येतो. यावर उपाय म्हणून शक्य तिथे दरवेळी कॅश रद्द करणारी बांधणी आली. तीत चाचण्यांना सुमारे १०० पट वेळ लागतो. तिच्या आणखी कडक रूपात वेग किमान १०,००० पट मंदावतो, आणि कोडमधली टिप्पणी ते रूप स्वतःला छळून घेण्याची हौस असणाऱ्यांसाठी असल्याचे थट्टेने सांगते. २०२१ च्या १४व्या आवृत्तीपासून ही सोय तपासणीच्या बांधणीत चालू सर्व्हरवरच सेटिंगने लावता येते.

अलीकडच्या वर्षांतली वाटचाल वेगाची आणि बचतीची आहे. १०व्या आणि ११व्या आवृत्तीत एकसारख्या आकाराच्या आणि एकाच पिढीत मरणाऱ्या तुकड्यांसाठी दोन नवे ऍलोकेटर आले. १६व्या आवृत्तीत प्रत्येक तुकड्याआधीची माहितीची पट्टी १६ बाइटवरून ८ बाइटवर आली. २०२४ च्या १७व्या आवृत्तीतल्या ‘बंप’ ऍलोकेटरने तर ही पट्टीच काढून टाकली, त्यामुळे त्यातला एकटा तुकडा सोडता येत नाही. तो सोडण्याची चूक कोणी केली तर पकडता यावी, म्हणून तपासणीच्या बांधणीत पट्टी परत घातली जाते. परिणामी चाचण्यांखालून जाणाऱ्या सर्व्हरची आणि प्रत्यक्ष वापरात असलेल्या सर्व्हरची मेमरीतली मांडणी एकसारखी नसते, आणि बिल्डफार्मवर दोन्ही प्रकारच्या बांधणीची यंत्रे चालू ठेवावी लागतात.