चुकलेला शुक्र आणि बदललेला शुक्र

शुक्रावर दलदल, घनदाट जंगल, अजस्र सरडे आणि त्यांच्यातून वाट काढणारी माणसं दिसली, की ‘ही पर्यायी इतिहासाची कथा’, म्हणजे एखादी गोष्ट वेगळी असती तर इतिहास कसा घडला असता हे सांगणारी, असा शिक्का मारून लोक मोकळे होतात. ठाण्यात विज्ञानकथांच्या गप्पा निघाल्या की हे हमखास कानावर पडतं आणि दर वेळी जीव तळमळतो. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली दलदल आणि आपल्या डोळ्यांदेखत लिहिलेली दलदल दिसायला सारखीच असते, पण त्या कथांची जात वेगळी.

आधी जुन्या कथा, थोडक्यात. मंगळावर तिथल्या रहिवाशांनी खोदलेले कालवे आहेत, असं खगोलनिरीक्षक पर्सिव्हल लॉवेल अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातल्या वेधशाळेतून सांगत होता. शुक्र चिंब ओला असणार, असं स्वान्ते अऱ्हेनियससारखा नोबेलविजेता शास्त्रज्ञ १९१८ साली लिहीत होता. कथालेखकाने तेच उचललं. त्याने इतिहासाला हात लावला नव्हता, त्याच्या समजुतीप्रमाणे शेजारचा ग्रह खरंच तसा असू शकत होता. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर २ हे अमेरिकी यान शुक्राजवळून गेलं आणि ग्रह भाजून निघालेला आहे हे कळलं. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ने मंगळावर कालवे नव्हे, विवरं दाखवली. त्या कथा चुकल्या, एवढंच. चुकलेल्या अंदाजाला पर्यायी इतिहास म्हणणं हा त्या लेखकांवरही अन्याय आहे.

दुसऱ्या जातीचा लेखक मात्र सगळं जाणून असतो. शुक्राच्या पृष्ठभागावर ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आहे, हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे, हे त्याला पाठ असतं. तरीही तो म्हणतो, समजा तसं नसतं तर? असं म्हटलं की त्याच्यावर एक देणं येतं: मग पृथ्वीवर काय काय बदललं? सगळा घोटाळा इथेच होतो. वाचक शुक्राकडे बघत बसतात, खरी परीक्षा पृथ्वीवर असते.

मराठी वाचकाला पर्यायी इतिहास भेटला तो बहुधा जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये. तिथे विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि इतिहास दुसरीकडे वळतो. फाटा फुटतो त्याच दिवशी परिणामही सुरू होतात, १४ जानेवारी १७६१. वस्ती असलेल्या ग्रहाच्या कथेत मात्र दोन तारखा असतात. ग्रह वेगळा घडला कोट्यवधी वर्षांपूर्वी, पण माणसाचा इतिहास वळतो तो माणसाला ते कळल्यावर. या दोन तारखांमधल्या काळात पृथ्वीवर सगळं आपल्यासारखंच घडायला हवं, आणि ते का घडलं हे लेखकाला पटवता यायला हवं.

म्हणूनच शुक्र या खेळाला सोयीचा आणि मंगळ अवघड. शुक्रावर कायमचा ढगांचा पडदा. खालची जमीन दुर्बिणीला दिसत नाही. तो स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो हेसुद्धा १९६०च्या दशकात रडारने सांगितलं. १९३२ साली ढगांवर कार्बन डायऑक्साइड सापडला, ती नोंद लेखकाला सांभाळावी लागते. बाकी साधारण १९५५पर्यंतचा इतिहास त्याला जसाच्या तसा ठेवता येतो. मंगळाचं तसं नाही. त्याची जमीन उघडी. १९०९ साली अँटोनियादी या खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसजवळच्या म्यूदोंच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा कालव्यांच्या रेषा विरून नुसते ठिपके उरले. कथेतल्या मंगळावर खरेच कालवे असतील तर त्या रेषा त्या रात्री आणखी ठळक दिसल्या असत्या. शेजारी कुणीतरी राहतंय हे जगाला १९०९ मध्ये कळलं असतं. मग १९१४चं महायुद्ध जसंच्या तसं कसं होईल? हे न विचारता लिहिलेली मंगळकथा मला पहिल्या प्रकरणातच परकी वाटते.

आता आपल्या घराजवळचं बघू. १९६७च्या अंतराळ कराराने कोणत्याही देशाला चंद्रावर किंवा ग्रहावर मालकी सांगायला मनाई केली. तिथे पिकाऊ जमीन आणि बोलणारी माणसं असती, तर अमेरिका आणि रशियाने त्यावर इतक्या सहज सही केली असती, यावर माझा विश्वास नाही. चंद्र-ग्रहांच्या मोहिमांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आपण बघत नाही, अशी भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांची भूमिका होती. शुक्रावर वस्ती असती तर ही भूमिका टिकली असती का? ठाणे-बेलापूर पट्ट्यात तेव्हा रसायनांचे कारखाने उभे राहत होते. बदललेल्या शुक्राच्या जगात आपणही यानं बांधायला घेतली असती, आणि १९७४ साली त्याच पट्ट्यातल्या दिघ्यातला एखादा फिटर यानाच्या टाकीची झडप घासत बसलेला असेल. शुक्राकडे निघायची सोयीची वेळ दर एकोणीस महिन्यांनी येते, म्हणजे त्याचा ओव्हरटाइम दिवाळीवर नाही, त्या वेळेवर ठरणार. गावाला कधी जायचं, पोरीचं लग्न कधी काढायचं, हेही त्याच हिशेबाने. हा फिटर ज्या कथेत आहे ती पर्यायी इतिहासाची. नुसते सरडे असून भागत नाही.

माझा सगळ्यात मोठा राग आहे तो अर्धवट कथांवर. शुक्रावर राजे, तलवारी, लढाया, आणि इकडे २० जुलै १९६९ला नेमका आर्मस्ट्राँगच चंद्रावर उतरतो, १९९१ला सोव्हिएत संघही वेळेवर फुटतो. एवढा मोठा शेजारी मिळूनही आपल्या कॅलेंडरला धक्का लागत नाही! साहस रंगलेलं असलं तरी हा आळस आहे. समांतर विश्वं, काळप्रवास यांचीही यात सरमिसळ करतात, पण तो गोंधळ किरकोळ आहे. पात्रं एका जगातून दुसऱ्यात जातात की नाही, एवढं पाहिलं की सुटतो.

एक कोपरा उरतो. आजचा लेखक जुन्या मंगळाच्या प्रेमापोटी, पृथ्वीचा विचारही न करता, कालवे आणि राजकन्या लिहितो. लेखनाचं साल पाहून ती कथा दुसऱ्या जातीत ढकलायचा मोह होतो. मी ढकलणार नाही. पृथ्वी बदललेली नाही, म्हणून ती जुन्या कथांच्याच फळीवर जाईल, आणि साहसाची आवड असेल तर तिथूनच काढून आनंदाने वाचावी.