उधारीचा उजेड

मनगटावरचं काट्यांचं घड्याळ काढा आणि उलटं धरा, म्हणजे बारा खाली आणि सहा वर. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले असतील, तर दोन्ही काटे आता खाली, एरवी सहाचा आकडा असतो त्या जागी दिसतील. साडेसहा! लंडनमध्ये तेव्हा खरोखरच सकाळचे साडेसहा झालेले असतात. (तासकाटा जरा इकडेतिकडे दिसतो, तेवढं चालवून घ्यायचं.) माझी मावसबहीण लंडनला गेली तेव्हा आजोबांनी ही युक्ती शोधली आणि रोज दीडच्या ठोक्याला फोन लावू लागले. तिकडे आठ वाजलेले, ती चहा घेत असायची. मार्चअखेरच्या एका सोमवारी मात्र फोन लागला तो ऑफिसला चाललेल्या गाडीत. तिच्याकडे नऊ वाजून गेले होते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये रात्री एकचे एकदम दोन करतात. साडेपाच तासांचा फरक साडेचारवर येतो आणि आजोबांचं उलटं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत निकामी होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? लंडनमध्ये जूनअखेरीस दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. घड्याळाला हात लावला नाही, तर सूर्य पहाटे पावणेचारला उगवेल आणि रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी मावळेल. पहाटे चारचं ऊन कोणाच्या कामाचं? घड्याळ तासभर पुढे केलं की सूर्यास्त सव्वानऊच्या पुढे जातो. उजेड एका मिनिटानेही वाढत नाही, फक्त पहाटेच्या खात्यातला तास संध्याकाळच्या खात्यात वळता होतो.

हे ब्रिटनमध्ये चिकाटीने मांडलं विल्यम विलेट या बिल्डरने. सकाळी घोड्यावरून रपेट मारताना त्याला दिसायचं, की ऊन चांगलं वर आलंय आणि घरोघरी पडदे बंद. १९०७ मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापली. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे जायचं आणि सप्टेंबरमध्ये तशीच मागे यायचं, अशी त्याची मूळ योजना होती. लोकांनी थट्टा केली. १९१५ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवायला, आधी जर्मनीने आणि तीनच आठवड्यांनी ब्रिटनने घड्याळं पुढे केली.

हा व्यवहार जमतो तो पहाटे उजेड शिल्लक असेल तिथेच. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. जूनमध्येही सूर्य सहाच्या सुमारास येतो. उधार घेणार कुठून? तरी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते ४५, भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं. मुंबईत सूर्य डोक्यावर यायलाच घड्याळात साधारण बारा एकोणचाळीस होतात, ते तेव्हा पावणेदोनकडे सरकले. जानेवारीत तर सूर्योदय आठ वाजून गेल्यावर!

शरीराला मात्र हा हिशेब कळत नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र पाहण्यापेक्षा उजेडाची नोंद मेंदूकडे पोचवायचं काम करतात आणि त्यावर झोपेचं घड्याळ लागतं. सकाळचा उजेड ते अलीकडे ओढतो, रात्रीचा पुढे ढकलतो. मार्चमधल्या बदलाने सकाळ अंधारी होते, संध्याकाळ लांबते आणि वर एक तास झोप बुडते. स्वीडनमधल्या नोंदींत घड्याळ पुढे केल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी जास्त आढळले.

मग वर्षभर पुढेच का ठेवू नये? ब्रिटनने तेही करून पाहिलं, १९६८ ते १९७१. हिवाळ्यात उत्तर स्कॉटलंडमध्ये सूर्य दहाच्या सुमारास उगवू लागला. मुलं अंधारात शाळेला निघत, गाड्यांच्या दिव्यांत चमकणाऱ्या पट्ट्या दंडाला बांधून. संसदेने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग गुंडाळला.

लंडनच्या कडेला पेट्स वुड नावाच्या रानात विलेटचं स्मारक आहे, दगडी सूर्यघड्याळाचं. त्यावरचे आकडे कायमचे तासभर पुढे कोरलेत. ऑक्टोबरअखेर सगळं ब्रिटन मागे येतं, तेव्हा हे एकटंच उन्हाळ्याची वेळ दाखवत उभं असतं.